गॅसवाल्या बाईंना, सुईवाल्याकडून

बाई,

रविवारी तुमची शोकसभा आहे आणि रश्मीनं मला बोलायला सांगितलंय. लेक तुमचीच, त्यामुळे सांगितलं म्हणजे हुकूमच. "दहा मिनिटं बोल दादा, फक्त आईसंग भांडल्यावानी बोलू नको." मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की तुमच्याशी न भांडता सलग दहा मिनिटं मी आजवर कधी बोललेलोच नाही.

तुम्हाला जाऊन आज सहावा दिवस. दवाखाना कालपासून उघडलाय. जनावरांची दुखणी आपल्या सुतकासाठी थांबत नाहीत, हे तुमचंच म्हणणं. राइस मिलच्या या जुन्या गोदामात सगळं जिथल्या तिथं आहे. गॅसचं मशीन कोपऱ्यात, त्यावर तुमची ती विटलेली निळी चादर. चादर काढायला माझा हात धजत नाही, म्हणून दोन दिवस साधी ड्रेसिंगच करतोय.

रविवारी काय होणार ते मला आजच दिसतंय. आजूबाजूच्या तालुक्यांतले डॉक्टर येतील, मेंढपाळ येतील, आणि जो उठेल तो एकच गोष्ट सांगेल. मेंढीला भूल सुईनं द्यावी की गॅसनं, हा वाद कुसुमबाईंनी खुद्द मेंढ्यांना विचारून मिटवला. लोक माना डोलावतील. हरलेला सुईवाला म्हणून माझ्याकडे बघून कोणी हसेलही. बाई, त्या निकालात एक खोट आहे आणि ती माझ्या हातची आहे. नऊ वर्षं मी ते तुमच्यापासून लपवलं. रविवारी चारचौघांत तोंड उघडायच्या आधी तुम्हाला सांगणं भाग आहे. तुम्ही असताना सांगायला हवं होतं, हे मला कळतं. तेवढ्यासाठी थांबवू नका, आता ऐका.

मी सांगलीकडून इथं आलो तेव्हा वर्षभरात परत जायचं ठरवूनच आलो होतो. गावाकडे मेंढ्या पाहिलेल्या, कॉलेजात मेंढ्या कापलेल्या, त्यामुळे मेंढीबद्दल मला कोणी काही शिकवावं असं वाटतच नव्हतं. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "मेंढीले भूल कशी देतोस?" मी छाती फुगवून दोन औषधांची नावं सांगितली, एकाच सिरिंजमध्ये भरून कशी देतो तेही सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "हे तं झालं पाडणं. निजवणं कवा शिकशीन?" मला असा राग आला होता! संध्याकाळी खोलीवर जाऊन बॅग भरायला घेतली होती, हे तुम्हाला कधी बोललो नाही. सकाळी दवाखान्यासमोर तीन बैलगाड्या उभ्या होत्या, म्हणून बॅग तशीच राहिली.

तुमचं मशीन चंद्रपुरातल्या एका बंद पडलेल्या प्रसूतिगृहातून आलेलं. ते जीपमध्ये मावावं म्हणून तुम्ही वेल्डरकडे बसून त्याचे पाय कापून घेतले होते. माणसांच्या बाळंतपणात वापरलेलं मशीन मेंढीला लावते म्हणून आधी लोकांनी नावं ठेवली, मग त्याच लोकांनी तुमचं नाव गॅसवाली बाई करून टाकलं. मोहर्लीच्या नाक्यावर त्या पहारेकऱ्यानं जीप अडवली होती, आठवतं? सिलिंडर बघून त्याचा चेहरा गंभीर झाला.

"बाई, जंगलात सिलिंडर काऊन नेऊन राह्यल्या? मटन शिजवता का काय?"

"मी निजवते, शिवते आन् घरी पाठवते," तुम्ही म्हणालात. "शिजवाचं तुमचं तुम्ही पाहा."

तो हसला आणि त्यानं फाटक उघडलं. परतताना त्याच माणसानं आपली मेंढी दाखवायला आणली होती.

आपला वाद तसा साधा होता, फक्त आपण दोघांनी तो साधा राहू दिला नाही. माझं म्हणणं, सुई खिशात मावते. नदी ओलांडून, डोंगर चढून, झाडाखाली गोणपाट टाकून काम होतं. वीज नको, ऑक्सिजन नको, मशीन तर नकोच. तुमचं म्हणणं, एकदा टोचलेलं औषध परत काढता येत नाही. मेंढीचं शरीर ते पचवील तेव्हा पचवील, तोवर आपण देवाचं नाव घेत बसायचं. त्यातलं एक औषध मेंढीच्या फुप्फुसाला फार लवकर बाधतं, हेही खरं. गॅसची गोष्ट वेगळी. घशातून श्वासनळीत नळी गेली, तिचा फुगा फुगवला, की पोटातलं काही वर आलं तरी फुप्फुसात उतरत नाही. मेंढी जास्त गुंगली तर बटण फिरवून कमी करता येतं. गॅस बंद केला की थोड्या वेळात मेंढी मान उचलून आजूबाजूला बघते.

मी म्हणायचो, "पण नळी घालायच्या आधी तुम्हीसुद्धा छोटी सुई टोचताच की!"

"स्टेशनवर रिक्षानं गेलं मनून कोनी नागपूरले रिक्षानं गेलं असं मनते का?"

मग मी नळी काढून तुमच्या हातात द्यायचो.

शेवटी तुम्हीच म्हणालात, आपण दोघं बोलून काय होणार, मेंढ्यांनाच विचारू. एक मेंढी सुईवर, एक गॅसवर, आणि कोणती कशावर ते आपण ठरवायचं नाही. स्टीलच्या पेल्यात चिठ्ठ्या घालायच्या आणि मालकानं उचलायची. पण अट घातलीत. जिला ऑपरेशन लागणारच आहे तिलाच घ्यायचं, नुसतं आपलं भांडण मिटवायला एकाही धडधाकट मेंढीला भूल द्यायची नाही. त्यामुळे कामाला दोन वर्षं लागली असती. मी कुरकुरलो. तुम्ही म्हणालात, "तुले घाई आहे, मेंढीले नाई." कॉलेजात मी जे शिकलो त्यात हे वाक्य कुठंच नव्हतं, बाई. त्या दिवशी मी घरी कळवलं, की यंदा येत नाही.

तुमच्या वहीत रकाने होते. किती वेळात निजली, श्वास कसा, डोळ्याची पापणी केव्हा हलली, उभी केव्हा राहिली, रवंथ केव्हा सुरू केला. आणि शेवटचा रकाना तुमच्या मनचा. आईनं कोकराला उत्तर केव्हा दिलं. मी खो खो हसलो होतो. असलं काही कुठल्या पुस्तकात असतं का? तुम्ही कोकराला दाराबाहेर दोरीला बांधायचात. ते बें बें करत राहायचं आणि तुम्ही घड्याळ घेऊन आईच्या तोंडाकडे बघत बसायचात. गॅसवरची मेंढी अजून नीट उभी राहिलेली नसायची, पण तिच्या घशातून तो बारीक आवाज निघायचा. सुईवरच्या माझ्या मेंढ्या चारही पायांवर उभ्या राहायच्या, मी विजयानं तुमच्याकडे बघायचो, आणि बाहेर कोकरू ओरडून ओरडून दमायचं. आई तिथंच उभी, पण तिला ओळख नाही. ते बघून माझं हसणं हळूहळू बंद झालं. आता मी जिथं जातो तिथं तो रकाना आखतो, आणि शिकाऊ पोरं हसली तर हसू देतो.

पण मोठेपणा कशाला म्हणतात ते मी एटापल्लीकडे पाहिलं. तिथल्या एका पाड्यावर बिबट्यानं मानेला धरलेली मेंढी होती. आपण पोचलो आणि सिलिंडरची चावी बघितली तर रस्त्याच्या खड्ड्यांनी ती ढिली होऊन ऑक्सिजन वाटेतच उडून गेलेला. मला आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. तुम्ही मशीनवर एकदा हात फिरवलात आणि म्हणालात, "प्रमोद, काढ तुझी सुई." वर म्हणालात, "किती द्याची ते तू सांगशीन. मी फक्त श्वास पाहाते." तुम्ही जमिनीवर बसलात. मेंढीच्या मानेखाली गुंडाळलेलं पोतं दिलंत, तोंड उताराकडे ठेवलंत, म्हणजे लाळ घशात न साचता बाहेर गळेल. माझे टाके होईतो तुमचा तळहात तिच्या बरगड्यांवरून हलला नाही. दुखऱ्या गुडघ्यावर तासभर बसलात. मेंढी उठल्यावर पाड्यावरच्या लोकांना तुम्ही सांगितलंत, "आज या डाक्टरच्या सुईनं वाचवली." तुमच्या वयाचं, तुमच्या अनुभवाचं दुसरं कोणी असतं तर सिलिंडरला, रस्त्याला, ड्रायव्हरला शिव्या घालत बसलं असतं. परतताना मला वाटेत म्हणालात, "इथी तुझंच खरं आहे रे." तो एक 'इथी' मला किती दिवस पुरला.

आता ती मेंढी. लचमाबाईची.

लचमाबाई मूल शहराच्या पुढच्या गावची, कुरमार, पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखणारी. तिच्या एका मेंढीला बैलानं शिंग मारलेलं. कातडी शाबूत, पण आतली पोटाची भिंत फाटून आतडं खाली लोंबत होतं. ऑपरेशनची तारीख दिली आणि नेहमीसारखं बजावलं, आदल्या दिवशीपासून काही खायला द्यायचं नाही. मेंढी आडवी झाली की भरल्या पोटातलं वर येतं, नळी नसेल तर सरळ फुप्फुसात जातं. ती मान हलवून गेली.

ठरल्या दिवशी तिनं मेंढी खांद्यावर टाकून आणली. तुम्ही आत हात धूत होतात. बाहेर मी होतो. पेला पुढे केला, तिनं चिठ्ठी उचलली आणि वाचता येत नाही म्हणून माझ्याच हातात दिली. सुई निघाली. मला आनंद झाला, कारण त्या महिन्यात माझं काही खरं नव्हतं. सुईवरच्या दोन मेंढ्यांनी फार वेळ लावला होता, आणि रकान्यांकडे बघितलं की माझा जीव खालीवर व्हायचा. ही मेंढी तरणी होती, दणकट होती. ही झटकन उठेल आणि माझी लाज राखेल, असं मी मनात धरलं.

तेव्हा लचमाबाई माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "डाक्टर, एक सांगू का जी? निघताना थोडीशी कणी देल्ली तिले. आमच्या घरून कोनी बी निघालं, मानूस का जनावर, तं दाराशी तोंडात घास द्या लागते. उपाशी कसी पाठवू? लहान लेकरू आहे तिचं."

"थोडी म्हणजे किती?"

"ओंजळभर. आन् मंग तिनं टोपल्यातली बी खाल्ली, मी चप्पल घालेपर्यंत."

मी काय करायला हवं होतं ते पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. उद्या या म्हणायचं. निदान तुम्हाला सांगायचं, म्हणजे तुम्ही नळी घातली असती. पण नळी घातली की ती माझी सुई राहत नव्हती. हा वाद आपण आधीच घालून बसलो होतो. तुम्ही म्हणाला होतात, दोन्हीकडे नळी घालू. मी हट्ट धरला होता, की जंगलात कोण नळी घालतो, सुई म्हणजे नुसती सुई, तरच तुलना खरी. तुम्ही ऐकलं होतंत. शिवाय लचमाबाईचा कळप दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाच्या शेतांत खतासाठी बसायला निघणार होता. ओंजळभर कणीनं काय होतं, मी मनाशी म्हणालो.

तुम्ही हात पुसत बाहेर आलात. "उपाशी आहे ना रे?"

"हो," मी म्हणालो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. अर्ध्यावर टाके आले होते. तिनं एकदा उचकी दिल्यासारखी मान ताठ केली आणि नाकातोंडातून पांढरं पाणी आलं. तुम्ही तिला उलटी धरलीत, घशात बोटं घातलीत, नळी घातलीत, स्वतः श्वासाची पिशवी दाबत राहिलात. मी नुसता उभा. तुमच्या बोटांना तांदळाची कणी लागलेली होती. तुम्ही ती बघितलीत, मग माझ्याकडे बघितलंत.

"मालकिणीनं काही सांगितलं नाही," मी म्हणालो.

मी तुमच्याशी दोनदा खोटं बोललो. पहिलं घाईत निघालं, असं मी स्वतःला समजावू शकतो. दुसरं बोलताना मला वेळ होता.

तुम्ही मेंढीचं तोंड कोमट पाण्यानं स्वच्छ धुतलंत, नाक पुसलंत, पोटाचे उरलेले टाके घातलेत, मेलेल्या मेंढीला, नीट एकसारखे. मग लचमाबाईला आत बोलावलंत. ती रडली नाही. माझ्याकडे एकदा तिनं बघितलं आणि मी सिरिंज धुवायला वळलो.

त्या दिवशी तुम्ही तुलना थांबवलीत. आणखी मेंढ्या सुईवर घालणार नाही म्हणालात. पुढच्या हिवाळ्यात नागपूरला डॉक्टरांच्या बैठकीत तुम्ही सगळं मांडलंत. मी मागच्या रांगेत बसलो होतो. गॅस बरा, असं सांगितलंत, आणि एटापल्लीची गोष्ट सांगून सुईचीही बाजू घेतलीत. शेवटी त्या मेंढीचं आलं. तुम्ही म्हणालात, "ही मेंढी माझ्या चुकीमुळे मेली. ती उपाशी आहे का हे मी मालकिणीला स्वतः विचारलं नाही." एवढ्या लोकांत, माईकसमोर, आवाज जराही न बदलता. माझ्या शेजारचा डॉक्टर मला म्हणाला, "क्या हिम्मत है यार मॅडम की." मी मान हलवली. बाई, तेव्हा उठून बोलायला मला किती पावलं चालावी लागली असती? एकही नाही. जागेवरून बोललो असतो तरी चाललं असतं.

आणि मग मी रोज बघत राहिलो. त्यानंतर तुम्ही प्रत्येक मालकासमोर उकिडव्या बसून स्वतः विचारायला लागलात. मी विचारलेलं असलं तरी पुन्हा. टेबलाशी आलात की परत एकदा दाराशी जायचात. "कवा खाल्लं? खरं सांगजा. पानी कवा देल्लं?" लोक आपसात म्हणायचे, बाईले आता आठवत नाई, तेच तेच इचारते. एकदा तुम्हीच मला म्हणालात, "प्रमोद, मी पहिले एवढी भुलक्कड नव्हती ना रे?" मी म्हणालो, "वय झालं बाई." गंमत केली मी. तुम्ही हसलात. ज्या बाईला वीस वर्षांपूर्वीच्या बैलाचा डावा पाय की उजवा हे आठवायचं, तिला स्वतःबद्दल शंका यायला लागली, आणि ती शंका मी पेरलेली होती. बाकी सगळं एक वेळ सोडून देता येईल, पण हे माझ्यानं सुटत नाही.

असं असूनही तुम्ही मला किती दिलंत. मशीनच्या चाव्या दिल्यात. तुमच्या माघारी ऑपरेशनं करायला दिलीत. कोणी विचारलं तर म्हणायचात, "प्रमोदनं सांगतलं ना, मंग तसंच आहे." हे वाक्य ऐकलं की मी दुसरीकडे बघायचो. तुम्हाला वाटायचं मी लाजतो.

गेल्या महिन्यात नागपूरच्या हॉस्पिटलात तुमचं ऑपरेशन झालं, तेव्हा भूलतज्ज्ञाला तुम्ही सळो की पळो करून सोडलंत म्हणे. सुई देणार की गॅस, नळीचा फुगा तपासला का, श्वासावर हात कोणाचा. मी भेटायला आलो तर रश्मीच्या हातात कागद. त्यावर तुमच्या जागं होण्याची वेळ लिहिलेली. "पाहा," तुम्ही मला म्हणालात, "पोरीनं हाक मारली आन् मी लगेच ओ देल्ली. लिहून ठेव." आपण तिघं हसलो. मी त्या दिवशी सगळं सांगायचं ठरवून आलो होतो. तुम्ही इतक्या खुशीत होतात, की म्हटलं घरी आल्यावर सांगू. तुम्ही घरी आलात, जायच्या आधी आठ दिवस राहिलात, मी रोज आलो आणि सोयाबीनच्या भावावर बोलून गेलो.

काल मी लचमाबाईच्या गावी गेलो. म्हटलं, जिच्याशी अजून बोलता येतं तिच्याशी तरी बोलावं. ती थकलीय. अंगणात लोकर विंचरत बसली होती. तिला तुमची बातमी आधीच कळली होती. मी समोर बसलो आणि न थांबता सांगून टाकलं. की तिनं मला कणीचं सांगितलं होतं, मी ऐकूनही ऑपरेशन केलं, आणि बाईंना खोटं सांगितलं.

ती लोकर विंचरतच राहिली. "माईत आहे मले," ती म्हणाली. "मी तं तिथंच होती ना जी."

मग तिनं जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. मेंढी मेल्यावर चौथ्या दिवशी तुम्ही एकट्या तिच्याकडे गेला होतात. कळप ज्या शेतात बसला होता ते शोधत, ढेकळं तुडवत. बांधावर बसलात आणि म्हणालात, चूक माझी आहे, मी तुले स्वतः इचारलं नाई. आणि मग विचारलंत, "लचमा, खरं सांग. कणी देल्ली हे तू कोनाले सांगतलं होतं का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"नाई मनलं."

"का? मी तर तुमच्यावर ढकललं होतं."

"तू नवा होता. लई दूरचा होता. मले वाटलं बाई तुले काढून टाकीन. आन् मी तुह्या तोंडाकडे पाह्यलं होतं त्या दिवशी. तू पाठ फिरवून सिरिंज धूत बसला." तिनं लोकरीतला काटा काढून फेकला. "मेंढी तं गेलीच होती. मंग तुले काऊन घालवू?"

मी तिथं बसून रडलो, बाई. तुम्ही तिला विचारलंत, म्हणजे तुम्हाला माझी शंका आली होती. आणि तिच्या 'नाई'वर तुम्ही ती पुसून टाकलीत, पुरती, परत कधी वर आणली नाहीत. चाव्या, टेबल, 'प्रमोदनं सांगतलं ना', सगळं त्या एका शब्दावर उभं होतं. त्या बांधावर एक बाई माझी चूक स्वतःवर घेत होती आणि दुसरी मला वाचवायला खोटं बोलत होती, आणि मी इकडे दवाखान्यात मला कोणी पकडलं नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकत होतो.

डोळे पुसून मी तिला सांगितलं, की रविवारी सभेत मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. पहिलंच वाक्य हेच असेल. बाईंनी विचारलं होतं, मी खोटं बोललो. बाई काही विसरल्या नव्हत्या. त्या मेंढीचं मरण सुईच्या नावावर लिहिलंय, ते माझ्या नावावर लिहा. सुई की गॅस हे ज्याला तपासायचं असेल त्यानं पुन्हा तपासावं, दोन्हीकडे नळी घालून, तुमच्या म्हणण्याप्रमाणे.

लचमाबाईनं फणी खाली ठेवली. "मले बी घिऊन चाल," ती म्हणाली. "मी बी तं खोटं बोलली बाईसंग."

"तुम्ही कशाला? तुमची काही चूक नाही."

"ते बाईले ठरवू दे ना." मग फणी परत उचलून तिनं विचारलं, "बाई रागावली असती का रे?"

"फार," मी म्हणालो.

"रागावली असती तं बरं झालं असतं," लचमाबाई म्हणाली.

खरंच बरं झालं असतं, बाई. आम्ही रविवारी दोघंही येतो. रागवा.